वऱ्हाडातील इंग्रजी उच्चारण : अक्षररचना आणि शब्दाघात यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचे इंग्रजी उच्चारण ‘अशुद्ध’ असल्याची तक्रार महाविद्यालयीन वर्तुळात वारंवार ऐकू येते. या तथाकथित दोषामागे मराठीची ध्वनिव्यवस्था आणि इंग्रजी अध्यापनाचा इतिहास अशी दोन कारणे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा थोडक्यात विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
1853 मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1867 मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही गावे मुंबईच्या कापूस व्यापाराशी जोडली गेली. सामान्य वऱ्हाडी माणसाला इंग्रजी शब्द भेटले ते अशा व्यवहारात, कानावाटे. ‘स्टेशन’चे ‘टेसन’, ‘ग्लास’चे ‘गिलास’, ‘फिल्म’चे ‘फिलम’ झाले. शिक्षित वर्गाला इंग्रजी भेटली ती मात्र व्याकरण, भाषांतर व पाठांतर यांतून, म्हणजे डोळ्यांवाटे. 1923 मध्ये अमरावतीत किंग एडवर्ड महाविद्यालय (पुढे विदर्भ महाविद्यालय) सुरू झाले. परंतु लेखी परीक्षेच्या चौकटीत उच्चाराला स्थान मिळणे कठीणच होते. डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश 1917 मध्येच प्रसिद्ध झाला होता. भारतात मात्र या विषयाच्या पद्धतशीर अध्यापक-प्रशिक्षणाला चालना मिळाली ती 1958 मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाल्यानंतर.

अक्षररचना :
इंग्रजी अक्षराच्या आरंभी तीनपर्यंत (‘स्ट्रीट’) व अंती चारपर्यंत (‘टेक्स्ट्स’) व्यंजने येऊ शकतात. बोली मराठी असे गुच्छ टाळते. ‘टेसन’मध्ये व्यंजन गळते, तर ‘गिलास’मध्ये मध्ये स्वर शिरतो. हा नियम केवळ इंग्रजी शब्दांना लागू नाही. संस्कृत ‘स्त्री’ शब्दाचेही लोकभाषेत ‘अस्तुरी’ झाले. म्हणजेच हे इंग्रजीचे अज्ञान नसून मायबोलीच्या नियमाचे पालन आहे.

दुसरी अडचण लिपीची आहे. देवनागरीत ‘पुस्तक’ हा शब्द पु-स्त-क असा लिहिला जातो, पण उच्चार पुस्-तक असा होतो. लेखी अक्षर व उच्चारी अक्षर एक नव्हेत. वर्गात ‘सिलॅबल’ला नुसते ‘अक्षर’ म्हटल्यास येथेच गोंधळ होतो.

शब्दाघात :
मराठीत आघाताने सहसा अर्थभेद होत नाही, इंग्रजीत होतो. ‘रेकॉर्ड’ शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात असता तो नाम, दुसऱ्यावर असता क्रियापद होतो. ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफी’, ‘फोटोग्राफिक’ यांत आघात अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या अक्षरावर येतो आणि आघातहीन स्वर क्षीण होतात. मराठी भाषक सर्व स्वर पूर्ण उच्चारतो. त्यामुळे प्रत्येक ध्वनी बरोबर असूनही शब्द परक्या श्रोत्याला ओळखू येत नाही. मुलाखतीच्या प्रसंगी विद्यार्थ्याचे नुकसान होते ते येथे.

निष्कर्ष :
मराठी छंदशास्त्रातील लघु-गुरू विचार येथे उपयोगी पडतो. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानताना छंदशास्त्राने उच्चारी अक्षराचेच वजन मोजले आहे. इंग्रजी आघातही बऱ्याच अंशी अशा वजनावर अवलंबून असतो. वृत्ताचे गण पाडू शकणाऱ्या विद्यार्थ्याला ही संकल्पना परकी नाही. तेव्हा वऱ्हाडी उच्चाराची हेटाळणी करण्यापेक्षा त्यातील नियम दाखवून इंग्रजीचा वेगळा नियम शिकवणे, हेच अध्यापनदृष्ट्या अधिक फलदायी ठरेल.