फेफऱ्याचे मोजमाप

फेफरे येणाऱ्या मुलाचे दुखणे वैद्यकाने फार काळ झटके मोजूनच जोखले. १८५७ साली लंडनच्या लोकॉकने ब्रोमाइड सुचविले, १९१२ साली फिनोबार्बिटल आले. झटके कमी झाले. पण औषधाने मूल वर्गात पेंगते, ते कोणत्या वहीत मांडायचे? हजेरीपटावरून मजुराचा संसार थोडाच कळतो! २००० साली ऑस्ट्रेलियात आईबापांसाठी प्रश्नावली झाली: स्मरण, खेळ, सोबती, मन. मोठीच सुधारणा. परंतु यवतमाळकडच्या जिनकामगारांच्या घरी मुलीचे फेफरे सोयरिकीच्या भयाने दडविले जाते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातही वारंवार येणारे फेफरे बाध ठरले होते. तो शब्द १९९९ साली गेला, भय राहिले. आईला विचाराल तर ती म्हणेल, ‘पोरीला काही नाही,’ आणि पोर विहिरीवर एकटीच पाण्याला जाईल.