रस्सी, दगड आणि हुतूतू

ऑलिंपिकचा पंधरवडा आला की घरोघरी एक मौज घडते. ज्या खेळाचे नाव सकाळपर्यंत कोणाच्या कानावरून गेलेले नसते, त्याच्या नियमांवर रात्रीच्या जेवणाला वाद रंगतात. संगीताच्या तालावर घोडा चालविण्याच्या स्पर्धेत घोड्याचे पाऊल कुठे चुकले, हे सांगण्यास आम्ही मागेपुढे पाहत नाही. मग उभ्या जन्मात टांग्याच्या घोड्यापलीकडे आमचा घोड्याशी संबंध आला नसला तरी चालते! पंधरवडा सरतो आणि तो खेळ पुन्हा चार वर्षे अडगळीत जाऊन पडतो. आडवाटेच्या खेळांची ही ओढ कोठून येते, हे पाहण्यासाठी जरा मागे जाऊ.

आरंभीच्या ऑलिंपिकमध्ये कोणता खेळ थोर आणि कोणता किरकोळ, असा भेद फारसा नव्हताच. १९०० साली पॅरिसचे सामने जागतिक प्रदर्शनाच्या जत्रेतच भरले. तेथे क्रिकेटचा एकच सामना झाला. दोन्हीकडे बारा-बारा खेळाडू होते, आणि फ्रान्सच्या बाजूनेही बहुतेक पॅरिसवासी इंग्रजच खेळले. आपण ऑलिंपिक खेळत आहोत, याची त्या मंडळींना कल्पनाही नव्हती. त्याच वर्षी कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदके मिळविली, ती भारताच्या नावावर मांडली जातात. त्यांतले एक २०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे. ही शर्यत १९०० आणि १९०४ अशी दोनदाच झाली. म्हणजे आपल्या पहिल्या पदकांपैकी एक अशा शर्यतीतले आहे, जी पुढे ऑलिंपिकमधून नाहीशी झाली.

पण त्या काळाची खरी गंमत पाहायची तर रस्सीखेचीकडे वळले पाहिजे. गणेशोत्सवात किंवा शाळेच्या संमेलनात आपण जी खेचतो तीच ही रस्सी. १९०० ते १९२० या काळात ती ऑलिंपिकमध्ये होती. १९०८ साली लंडनला अमेरिकेचा संघ लिव्हरपूलच्या पोलिसांसमोर उभा राहिला. एका बाजूला आठ गडी. इशारा झाला आणि काही क्षणांतच अमेरिकन रेषेपार ओढले गेले. त्यांनी हरकत घेतली, की पोलिसांच्या पायांतले बूट अवजड आहेत आणि ते नियमात बसत नाहीत. उत्तर मिळाले, की हे तर पोलिसांचे रोजच्या कामावरचे बूट! हरकत फेटाळली गेली आणि अमेरिकन मंडळी मैदान सोडून गेली. अखेर तिन्ही पदके ब्रिटिश पोलिसांच्याच तीन संघांना मिळाली: पहिले लंडन सिटीच्या पोलिसांना, दुसरे या बूटवाल्यांना आणि तिसरे लंडनच्याच मेट्रोपॉलिटन पोलिसांना.

हा भांडणाचा प्रसंग आम्हाला नुसता हास्यास्पद वाटत नाही. गावच्या जत्रेत ज्याने जे पायात घातले असेल ते चालते. कोणी विचारीत नाही. परक्या देशाचा माणूस समोर उभा राहिला, की बुटाच्या तळव्याचीही व्याख्या करावी लागते. घरगुती खेळ जगाच्या अंगणात आला, की पहिला वाद होतो तो नियमाचा.

कर्लिंगची कथा याहून सुखाची. हा मूळचा स्कॉटलंडचा, गोठलेल्या तळ्यांवरचा खेळ. १५११ हे साल कोरलेला एक दगड तेथे जपून ठेवलेला आहे. सुमारे वीस किलोचा घडीव दगड बर्फावरून सरकवायचा आणि दूरच्या वर्तुळाच्या मध्याशी नेऊन थांबवायचा. आमच्या गोट्यांचा हा थोरला भाऊच म्हणा ना! दगडापुढे दोघे जण जीव खाऊन झाडू मारीत धावतात, हे पाहून प्रथम हसू येते. मग कळते, की त्या घासण्याने बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होते, दगड लांब जातो आणि कमी वळतो. हे कळले की हसू मावळते आणि आपण बसल्या जागी पुढे झुकतो. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत ब्रिटनच्या संघातर्फे खेळणाऱ्या स्कॉटिश स्त्रियांनी अगदी शेवटच्या दगडावर स्वित्झर्लंडला ४–३ असे हरविले. ब्रिटनमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तरी पन्नास लाखांहून अधिक माणसे ते पाहत जागी होती. शेवटचा दगड टाकणाऱ्या ऱ्होना मार्टिनचे नाव त्यांतल्या किती जणांना महिनाभर आधी ठाऊक असेल?

आमच्या मते ओढ येथेच आहे. क्रिकेटचा सामना पाहताना आपण खेळाडूच्या कीर्तीखाली दबलेले असतो. अनोळखी खेळात मात्र पाहणारे सगळेच एका इयत्तेत बसतात. आजोबा आणि नातू बरोबरीने शिकतात. शिवाय समोरच्या माणसाने आपल्या आयुष्याची पंधरा-वीस वर्षे अशा गोष्टीला दिलेली असतात, जिच्याकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही, हे मनाला भिडल्याशिवाय राहत नाही.

मात्र येथे आपली एक चूक होते. आडवाटेचा खेळ म्हणजे नेहमी दुसऱ्याचा, असे आपण धरून चालतो. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळ आणि व्यायाम दाखविले. त्यांत आपला हुतूतू होता. एक माणूस दम धरून, एकच शब्द पुटपुटत सात जणांच्या अंगावर चालून जातो, हे पाहताना त्या जर्मन प्रेक्षकांना काय वाटले असेल? झाडू मारणारे कर्लिंगवाले पाहून आपल्याला वाटते, बहुधा तेच.

पुढे हुतूतूचा कबड्डी झाला, मातीची मॅट झाली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा मान मिळाला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने घेतली. २०१० पासून स्त्रियाही उतरल्या, त्यांचीही दोन्ही भारताचीच. आम्ही टाळ्या वाजविल्या. पण जो खेळ एकच देश जिंकतो तो पाहायला बाकीच्यांनी का थांबावे, हे कोणी विचारले नाही. २०१८ साली जकार्तात उत्तर मिळाले. पुरुष उपांत्य सामन्यात इराणकडून २७–१८ असे हरले, आणि अंतिम सामन्यात इराणच्याच मुलींनी आमच्या मुलींना २७–२४ असे हरविले. त्या इराणी मुलींना शिकविणाऱ्या कोण? नाशिकच्या शैलजा जैन! आमच्याकडे कित्येकांना हा घाव वाटला. आम्हाला विचाराल तर बर्लिनला नेलेले बी त्या दिवशी परक्या मातीत रुजलेले दिसले.

त्यानंतरच्या स्पर्धेत, २०२३ साली हांगझौला, पुरुषांच्या अंतिम सामन्यात पुन्हा भारत आणि इराणच समोरासमोर आले. गुण २८–२८ असे बरोबरीत होते. भारताचा चढाईवीर कोणाला न शिवताच लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे गडीही गेले; मग बाद कोण आणि किती, जुना नियम लावायचा की नवा, यावर वाद पेटला. पंचांचा निर्णय फिरला, पुन्हा फिरला, आणि खेळ सुमारे तासभर थांबला. लिव्हरपूलच्या बुटांनंतर ११५ वर्षांनी आमच्या हुतूतूतही भांडण झाले ते नियमाचेच. भारताने तो सामना ३३–२९ असा जिंकला. पण या वेळी कोणी मैदान सोडून गेले नाही.