हात, मूठ आणि खेळ



स्मृतिव्याख्यानासाठी व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरसारखा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर अथवा बखरींवर बोलावे, अशीच अपेक्षा असते. तथापि सुरत हे हातांचे नगर आहे. जरीकाम, यंत्रमाग आणि हिऱ्याची घंटी या तिन्ही व्यवसायांत हात आणि अवजार यांचे नाते रोजच्या भाकरीशी बांधलेले आहे. खानदेशातून येऊन उधना-लिंबायतच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ते वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अवजाराची मूठ पाहिली की ते कोणाच्या हातासाठी घडवले, हे कळते. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी घडलेली असते, हे डावखुऱ्या शिंप्यालाच ठाऊक. उजव्यांच्या ते ध्यानातही येत नाही. प्रत्येक साधन कोणता तरी एक हात 'सर्वसामान्य' म्हणून गृहीत धरते. कंट्रोलरचा इतिहास हा त्या गृहीतकाचा इतिहास आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

1977 साली अमेरिकेत अटारी कंपनीचे घरगुती खेळयंत्र बाजारात आले. त्याच्या चौकोनी पेटीवर मध्यभागी एक दांडा आणि डाव्या कोपऱ्यात एक बटण होते. पेटी डाव्या हातात धरायची, बटण डाव्या अंगठ्याने दाबायचे आणि दांडा उजव्या हाताने फिरवायचा, अशी ती योजना होती. सारे कौशल्य मनगटाचे.

1982 मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी घडी घालून खिशात ठेवण्याच्या 'डाँकी काँग' या खेळासाठी दांड्याऐवजी अधिक-चिन्हाच्या आकाराची सपाट कळ योजली. पुढे आलेला दांडा खिशात मावत नव्हता, म्हणून ही युक्ती. परंतु तिचा परिणाम दूरगामी ठरला. नजर पडद्यावर खिळलेली असतानाही अंगठ्याला दिशा स्पर्शाने कळू लागली. 15 जुलै 1983 रोजी जपानात आलेल्या 'फॅमिकॉम'च्या कंट्रोलरवर हीच कळ डावीकडे आणि ए, बी ही बटणे उजवीकडे बसली. अटारीने दिशेचे काम उजव्या हाताला दिले होते, फॅमिकॉमने ते डाव्याकडे सोपवले. मनगटाचे काम अंगठ्याकडे आले. पुढे जगाने हीच मांडणी प्रमाण मानली.

आपल्याकडे ही मांडणी 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी विकल्या गेलेल्या यंत्रांमधून आली. मुले तिला कंट्रोलर म्हणत नसत. त्यांच्या लेखी तो 'रिमोट' होता आणि खेळाची डबी म्हणजे 'कॅसेट'. अनेक नकली यंत्रांच्या रिमोटवर 'टर्बो' नावाची दोन बटणे अधिक असत. ती दाबून धरली की गोळ्या आपोआप सुटत राहत.

1990 च्या 'सुपर फॅमिकॉम'ने उजवीकडे चार बटणे आणि वरच्या कडेला दोन बटणे देऊन तर्जनीलाही कामास लावले. डिसेंबर 1994 मध्ये सोनीच्या 'प्लेस्टेशन'ने कंट्रोलरला दोन मुठी दिल्या. 1996 च्या 'निन्टेन्डो 64'ला तर तीन मुठी होत्या आणि हात मात्र दोनच! मधल्या मुठीवरील छोटा दांडा हळू ढकलला तर पात्र चाले, जोराने ढकलला तर धावे. 1997 मध्ये सोनीने दोन दांडे आणि हाताला जाणवणारे कंपन एकत्र आणले. साधन जसजसे संपन्न झाले, तसतसे त्याने अधिकाधिक बोटांचे सामर्थ्य गृहीत धरले.

गृहीत केवळ हातच धरला जातो असे नाही. भाषाही धरली जाते. 'प्लेस्टेशन'च्या कळांवर अक्षरांऐवजी वर्तुळ, फुली, त्रिकोण आणि चौकोन आहेत. जपानी शाळेत वर्तुळ म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक. म्हणून तेथे वर्तुळाने होकार दिला जाई. पाश्चात्त्य देशांत विकल्या गेलेल्या बहुतेक खेळांत मात्र होकाराची कळ फुली झाली. आपल्या वर्गात तर फुली चुकीची असतेच, शिवाय वर्तुळ म्हणजे भोपळा! 2020 च्या 'प्लेस्टेशन 5'पासून जपानातही फुलीच होकाराची ठरली. बहुसंख्यांच्या सोयीपुढे त्या चिन्हाला स्वतःच्या माहेरी आपला अर्थ सोडावा लागला. परभाषक नगरीत आपली भाषा जपणाऱ्या श्रोत्यांना यातील मर्म उलगडून सांगण्याचे कारण नाही.

या उलटही घडते. 2001 साली मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स'चा कंट्रोलर अमेरिकेत इतका मोठा निघाला की तो चेष्टेचा विषय झाला. 2002 मध्ये जपानी ग्राहकांसाठी लहान आकाराचा कंट्रोलर देण्यात आला आणि नंतर तोच इतर देशांतही प्रमाण झाला. एका हाताची अडचण दूर करताना इतरांचीही सोय झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दीर्घकाळ फार थोडा विचार झाला तो ज्यांची बोटे चालत नाहीत अशांचा. 2018 साली मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी वेगळा कंट्रोलर आणला. त्यावर तळहाताने अथवा कोपरानेही दाबता येतील अशा दोन मोठ्या गोल कळा आहेत, आणि मागील बाजूस 19 छिद्रे आहेत. त्यांत ज्याने त्याने आपल्या शरीरास मानवेल ते बटण जोडावे. 2023 मध्ये सोनीनेही असे साधन काढले. 1977 पासून मोजले तर 2018 पर्यंत चाळीस वर्षे लोटली होती. तंत्र कमी पडले म्हणून हा विलंब झाला, असे मला वाटत नाही. तो हात फार थोड्यांच्या डोळ्यांपुढे आला होता, हे खरे कारण आहे.

अनेक शाळांतून डावखुऱ्या मुलाच्या हातातील पेन्सिल काढून उजव्या हातात देण्याची रीत दीर्घकाळ चालू होती. तिला आपण 'वळण लावणे' म्हणत आलो. हाताने साधनापुढे वाकावे, हाच त्यामागचा विचार. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी यंत्रे बनवत असतील, कोणी कारखान्यासाठी ती विकत घेत असतील, कोणी वर्गात शिकवत असतील. त्या सर्वांना माझे एकच सांगणे आहे: नवे साधन हाती येताच ते किती वेगवान आहे हे अवश्य पाहावे, परंतु त्याने कोणाचा हात वगळला आहे, हेही विचारावे. हा प्रश्न विचारण्याची सवय शाळेत लागली, तर उत्तरासाठी पुढच्या पिढीला चाळीस वर्षे थांबावे लागणार नाही.