रानपिंगळा : पुनर्शोध आणि क्षेत्र-अभ्यास

मध्य भारतातील पानगळीच्या जंगलांत राहणारे छोटे घुबड. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही.

त्याच्या शोधात मोठा अडथळा ठरला तो एक खोटा पुरावा. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला, संग्रहालयातून लंपास झालेला जुना नमुना निघाला. गुजरातची नोंद बाद होताच पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेला दिसला!

त्याचे दिवसा वावरणे अभ्यासकांच्या पथ्यावर पडले. गावाकडच्या ठिपकेदार पिंगळ्यापेक्षा त्याचे डोके जवळपास बिनठिपक्यांचे, पोट पांढरेशुभ्र. अस्वस्थ झाला की शेपटी झटक्याने हलवतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, नाकतोडे हे त्याचे भक्ष्य. घरटे झाडाच्या ढोलीत. अंडी बहुधा दोन. फराह इश्तियाक व असद रहमानी यांच्या निरीक्षणांत नराने पिल्ले मारून खाल्ल्याच्याही नोंदी आहेत.

मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खकनार येथे त्याच्या नोंदी झाल्या. २०१४ मध्ये तो थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात आढळला. जंगलतोड व अतिक्रमण हे मुख्य धोके. २०१८ पासून आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ गणला जातो.