भोपाळचा विषारी कचरा : नकारांची दोन दशके

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील विषारी कचरा कुठे नष्ट करायचा, या प्रश्नाचा निकाल लागायला दोन दशके लागली. अंकलेश्वर, नागपूर, जर्मनी आणि पीथमपूर ही ठिकाणे वेगवेगळ्या वेळी पुढे आली आणि प्रत्येक ठिकाणी विरोध झाला. पहिल्या तीन ठिकाणचा विरोध यशस्वी ठरला. पीथमपूरचा ठरला नाही, आणि २०२५ मध्ये कचरा तिथेच जाळण्यात आला.

या कचऱ्याचा इतिहास वायुगळतीच्याही आधीचा आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक तयार होई. उत्पादनातून उरणारे पदार्थ आवारातच खड्ड्यांत टाकले जात. १९७७ मध्ये सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी आवाराबाहेर तळी खोदण्यात आली, ती काही वर्षांतच झिरपू लागली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत मिसळले. सरकारी आकड्यांनुसारच या दुर्घटनेत ५ हजारांहून अधिक माणसे दगावली. कारखाना कायमचा बंद पडला. जमिनीतले विष मात्र पावसागणिक भूजलात उतरत राहिले. आसपासच्या वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला.

त्याच वर्षी जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाच्या आदेशानंतर आवारात उघड्यावर पडलेला कचरा २००५ मध्ये गोळा करून पोत्यांत भरला गेला आणि एका गोदामात ठेवला गेला. त्याचे वजन सुमारे ३५० टन होते. सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, रिअॅक्टरमधला गाळ, अर्धवट तयार झालेले कीटकनाशक आणि दूषित माती असे त्याचे पाच प्रकार होते.

असा कचरा जाळणे हे नाजूक काम असते. तो फिरत्या भट्टीत तापवतात आणि त्यातून निघणारे वायू दुसऱ्या कक्षात ११०० अंश सेल्सिअसच्या वर किमान दोन सेकंद ठेवतात. खरा धोका पुढे असतो. कचऱ्यात क्लोरिन असेल, तर वायू थंड होताना साधारण २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी संयुगे तयार होऊ शकतात. म्हणून वायू झपाट्याने थंड करून चुना, सक्रिय कोळसा आणि कापडी गाळण्यांतून सोडावे लागतात. यातली एक पायरी चुकली, तरी विष धुराड्यावाटे शेतात, चाऱ्यात आणि दुधात पोहोचते. ज्या गावांनी नकार दिला, त्यांच्या भीतीला हा ठोस आधार होता.

पहिला पर्याय गुजरातमधील अंकलेश्वरचा होता. राज्य सरकारने आधी संमती दिली. पण रासायनिक कारखान्यांनी आधीच ग्रासलेल्या या पट्ट्यात आणखी विष नको, असा आवाज पर्यावरण कार्यकर्त्यांनी उठवला आणि २००७ मध्ये गुजरातने संमती मागे घेतली. त्यानंतर पीथमपूरचे नाव पुढे आले. २००८ मध्ये सुमारे ४० टन चुनामिश्रित गाळ गाजावाजा न करता तिथे नेऊन पुरण्यात आला. रहिवाशांना हे कळले ते नंतर, आणि तेव्हा गेलेला विश्वास पुढे कधीच परतला नाही.

२०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने नागपूरजवळील ‘डीआरडीओ’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीकडे बोट दाखवले. विदर्भात त्याचे तीव्र पडसाद उमटले. लोकप्रतिनिधी आणि पर्यावरण संस्थांनी विरोध केला, महाराष्ट्र सरकारने नकार कळवला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली. पुढच्या वर्षी ‘जीआयझेड’ या जर्मन संस्थेमार्फत कचरा विमानाने जर्मनीला नेण्याचे ठरत आले होते. तिथेही जनमत विरोधात गेले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये संस्थेने माघार घेतली.

गुजरात आणि महाराष्ट्राची सरकारे आपल्या लोकांच्या बाजूने उभी राहिली, जर्मन संस्थेने तिथल्या जनमताची दखल घेतली. पीथमपूरच्या वाट्याला असे पाठबळ आले नाही, कारण कचरा आणि गाव दोन्ही एकाच राज्यात होती. धार जिल्ह्यातील ही औद्योगिक वसाहत इंदूरपासून जवळ आहे आणि तिथल्या कचरा जाळण्याच्या प्रकल्पाला लागून तारपुरा हे गाव आहे. यशवंत सागर जलाशयापर्यंत प्रदूषण पोहोचले, तर इंदूरचेही पाणी बाधित होईल, असा आक्षेप होता. सुरुवातीच्या काही चाचण्यांत डायॉक्सिनचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले होते. २०१५ मध्ये भोपाळच्या १० टन कचऱ्यावर चाचणी झाली आणि ती समाधानकारक ठरवण्यात आली.

३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने चार आठवड्यांत कचरा हलवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर ३३७ टन कचरा घेऊन निघाले आणि बंदोबस्तात सुमारे २५० किलोमीटर अंतर कापून सकाळी पीथमपूरला पोहोचले. ३ जानेवारीला शहर बंद राहिले, लाठीमार झाला आणि दोन आंदोलकांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला, दोघेही भाजले. त्यानंतर न्यायालयाने लोकांना विश्वासात घेण्यासाठी सरकारला सहा आठवडे दिले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिल्यावर फेब्रुवारीअखेर ते मार्चदरम्यान तीन चाचण्यांत ३० टन कचरा जाळला गेला आणि उरलेला ३०७ टन जूनअखेर संपवण्यात आला. जाळताना मिसळलेल्या चुन्यासारख्या पदार्थांमुळे मागे उरलेल्या राखेचे आणि अवशेषांचे वजन मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त, ८५० टनांपेक्षा अधिक भरले. ही राख कुठे पुरायची, यावर पुन्हा वाद उभा राहिला.

भोपाळच्या वायुपीडितांच्या संघटनांनीही पीथमपूरचा विरोध उचलून धरला होता. आपल्या दारातले विष दुसऱ्या गरीब वस्तीच्या दारात नेऊन टाकणे त्यांना मान्य नव्हते. कचरा युनियन कार्बाइडने, किंवा २००१ मध्ये ती कंपनी विकत घेणाऱ्या डाऊ केमिकलने अमेरिकेत न्यावा, ही त्यांची मागणी होती आणि तिला देशातच दाखला होता. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील थर्मामीटर कारखान्याचा सुमारे २९० टन पारायुक्त कचरा स्थानिकांच्या लढ्यानंतर २००३ मध्ये अमेरिकेत पाठवावा लागला होता. भोपाळच्या बाबतीत तसे झाले नाही. वाहतूक आणि ज्वलनासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये मंजूर केले; ज्याने विष निर्माण केले त्याच्याऐवजी हा भार जनतेच्या पैशावर पडला.

शिवाय जळाला तो फक्त गोळा केलेला कचरा. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१० च्या सुमारास कारखान्याच्या परिसरातील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन वर्तवला होता. त्यापुढे ३३७ टन म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. या मातीची आणि तिच्याखालच्या पाण्याची सफाई अजून व्हायची आहे. ती करताना जागा निवडण्याआधी तिथल्या लोकांशी बोलणे, चाचण्यांचे निकाल त्यांच्यासमोर खुले ठेवणे आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करणे, या तीन गोष्टी टाळल्या, तर पुढच्या प्रत्येक गावाचा नकारही तितकाच रास्त ठरेल.