मीठ आणि मासळी : आमच्या किनाऱ्याची एक जुनी हकीकत

प्रभु येशू ख्रिस्ताच्या काळीं गालील सरोवराच्या कांठीं तारिखेआ नांवाचें गांव होतें. ग्रीक भाषेंत ह्या नांवाचा संबंध खारविलेल्या मासळीशीं आहे, आणि मग्दालीया मरियेचें मग्दाला तें हेंच, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. तेथील मासे खारविण्यास उत्तम, असें भूगोलकार स्ट्रेबो यानें लिहून ठेविलें आहे. महोत्सवाच्या अंकांत सुक्या मासळीचा विषय पाहून जे नाक मुरडतील, त्यांनीं हा धंदा प्रेषितांच्या शेजारचा आहे एवढें ध्यानांत घ्यावें.

आमच्या रत्नागिरी किनाऱ्यावर खारवी, गाबीत व दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासळी खारवीत आले. बांगडा चिरून, आंतडीं काढून, धुऊन मिठांत दाबावा, आणि पाणी सुटल्यावर उन्हांत घालावा, ही रीत साधी. पण तिचा सारा भार मिठावर. मीठ मासळींतील पाणी ओढून घेतें, मग कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस थारा राहत नाहीं. मीठ कमी पडलें कीं वरून सुकी दिसणारी मासळी आंतून नासते.

ब्रिटिश अमदानींत नेमकें मीठच महाग झालें. करामुळें मासळी नीट खारविली जात नाहीं, ही गोष्ट डॉ. फ्रान्सिस डे यांनीं १८७३ च्या आपल्या अहवालांत मांडली. १८७८ च्या तहानें गोव्यांतील मिठाचें उत्पादनहि ब्रिटिशांच्या नियंत्रणाखालीं गेलें. पुढें कांहीं बंदरांवर सरकारी आवारें निघून तेथें खारविण्यापुरतें मीठ सवलतीनें मिळूं लागलें. पण ज्याचें गांव आवारापासून दूर, त्यास ह्या सवलतीचा उपयोग काय? १९३० सालीं शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडें तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें. कर उठला तो १९४७ सालीं. ह्या लढ्याची गोष्ट सांगतांना घरच्या चिमूटभर मिठाचें वर्णन होतें. मच्छिमाराला मीठ पाटीनें लागतें, तें कोणी सांगत नाहीं.

पावसाळ्यांत ऊन नसे, तेव्हां सुकी मासळी चुलीवर शिंक्यांत टांगीत. धूर तिला कोरडी ठेवी व वास देई. मिठाची जागा मात्र तो घेऊं शकत नाहीं. गोव्याकडील कॅथोलिक कुटुंबांची रीत शिरक्याची : सुकविलेली मासळी वा सुंगटें मिरची-लसणीच्या वाटणांत, माडीच्या शिरक्यासह मुरवून केलेलें ‘पारा’ हें लोणचें. शुक्रवारच्या मांसवर्जनास त्याचा मोठा आधार. आतां कांहीं घरीं ओलीच मासळी शिरक्यांत घालतात. ती थंड जागींच ठेवावी लागते, हें विसरूं नये.

आज मीठ स्वस्त आहे, बर्फ आहे, शिरगांवास १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तरीहि ताजी न खपलेली मासळी दुसऱ्या दिवशीं मिठांत लोटण्याची संवय आहेच, आणि ती आम्हांस जुन्या कराइतकीच घातक वाटते. उन्हांत पडून राहिलेल्या बांगड्यांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्यानें अंगावर पित्त उठतें, डोकें दुखतें. आणि मीठ, धूर, शिरका किंवा चुलीची आंच, कशानेंहि तें जात नाहीं.

गुलाबी छटा चढलेली खारी मासळी घेऊं नये. ती मिठांतहि जगणाऱ्या जंतूंची खूण होय. बांगडा व तारली ह्यांत तेल फार, म्हणून तीं लवकर खवटतात. सोडे व बोंबील त्यामानानें टिकतात. पावसाळ्याच्या बेगमींतून बांगडा आधीं संपवावा.