गोमांस-व्यापार, अर्जेंटिनातील

पँपास या गवताळ मैदानी प्रदेशातील पशुपालन हा अर्जेंटिनाच्या अर्थव्यवस्थेचा दीर्घकाळ प्रमुख आधार होता. शीतकरणाची सोय असलेले ‘ल फ्रिगोरिफीक’ हे फ्रेंच जहाज १८७६ मध्ये मांस घेऊन ब्वेनस एअरीझला पोहोचले व ताजे मांस महासागरापार नेता येते, हे सिद्ध झाले. पुढे ब्रिटन ही अर्जेंटिनी गोमांसाची मुख्य बाजारपेठ बनली. कत्तल, शीतकरण व निर्यात करणारे कारखाने मात्र प्रामुख्याने ब्रिटिश व अमेरिकन भांडवलाच्या हाती गेले. शिकागोची स्विफ्ट कंपनी या व्यवसायात १९०७ मध्ये उतरली. १९११ पासून या कंपन्यांनी निर्यातीचे हिस्से आपसांत वाटून घेण्याचे करार केले. गुरे विकणारे असंख्य आणि घेणारे मोजके व परस्परांशी करारबद्ध, अशा स्थितीत भाव ठरविण्याचे सामर्थ्य साहजिकच कंपन्यांकडे एकवटले.

पशुपालकांतही एकजूट नव्हती. गुरांची पैदास करणारे आणि ती घेऊन उत्तम कुरणांवर पुष्ट करणारे, असे त्यांचे दोन वर्ग होते. दुसऱ्या वर्गातील मोठे जमीनदार कंपन्यांना थेट माल पुरवीत. त्यामुळे भाव पडले, की त्याची झळ बहुधा पैदासकारांना अधिक बसे. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत राज्यनियंत्रणाची मागणी वाढली. अध्यक्ष आल्व्हेआर (कार. १९२२–२८) यांच्या काळात १९२३ मध्ये किमान भावाचा कायदा झाला, परंतु कंपन्यांनी खरेदीच थांबविल्याने तो अल्पावधीत स्थगित करावा लागला.

ऑटावा परिषदेत (१९३२) ब्रिटनने साम्राज्यांतर्गत देशांना व्यापारी सवलती दिल्या. आपली बाजारपेठ जाईल, या भीतीने अर्जेंटिनाने १ मे १९३३ रोजी रोका-रन्सिमन करार केला. ब्रिटनने आयातीची किमान पातळी मान्य केली. मात्र निर्यातीचा ८५ टक्के वाटा परकीय कंपन्यांकडेच राहिला. त्याच वर्षी राष्ट्रीय मांस मंडळ स्थापन झाले. मुक्त व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या रूढिवादी शासनानेच अशा रीतीने बाजारनियंत्रणाची यंत्रणा उभारली.

सिनेटर लिसांद्रो दे ला तोर्रे (१८६८–१९३९) यांनी कंपन्या उत्पादकांना कमी भाव देतात, कर चुकवितात व शासन त्यांना पाठीशी घालते, असे आरोप केले. ‘नॉर्मन स्टार’ जहाजावर अँग्लो कंपनीचे दडविलेले हिशेबही सापडले. २३ जुलै १९३५ रोजी सिनेटच्या सभागृहातच झालेल्या गोळीबारात त्यांचे सहकारी एन्सो बोर्दाबेएरे ठार झाले. चौकशीतून व्यापाराची मूळ रचना बदलली नाही. तथापि मांसाचा प्रश्न आर्थिक स्वातंत्र्याचे प्रतीक बनला. राष्ट्रवादी लेखकांनी त्याचा आधार घेतला आणि पेरॉन यांच्या राजवटीत विदेशी व्यापारावर शासकीय मक्तेदारी आली (१९४६–५५).

राष्ट्रीय मांस मंडळ १९९१ मध्ये उदारीकरणाच्या धोरणानुसार बरखास्त झाले. तरीही देशांतर्गत भाव आवरण्यासाठी २००६ व २०२१ मध्ये शासनाने गोमांसाच्या निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली. उत्पादकाला रास्त भाव, ग्राहकाला स्वस्त मांस आणि देशाला परकीय चलन या तिहेरी अपेक्षांतील विरोध प्रत्येक राजवटीपुढे पुन्हा उभा राहिला.